तू सांगितलेली अकरा पानं

विजू, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून प्रसन्नवर जळतोय.

गेलेल्या बायकोला असं कुणी लिहितं का, म्हणशील. पण बाकीचं सगळं लोकांनी लिहून झालंय. तुझ्या भावाने पेपरात फोटो दिला. तुझ्या प्रयोगशाळेने शोकसभा घेतली, तिथे तुझ्या पदव्या, तुझे शोधनिबंध, तू कुणाकुणाला शिकवलंस, सगळं वाचून दाखवलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण त्यातली बाई माझ्या ओळखीची नव्हती. मला सांगायचंय ते एवढंच, की पंधरा वर्षं मी एका माणसाचा हेवा केला. तुला कळू न देता केला, असं मला वाटत होतं.

प्रसन्नबद्दल तसला संशय मला कधी आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं, चार लोकांत सांगता आलं असतं. हा हेवा कुणाला सांगण्यासारखाच नव्हता. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक सज्जन, एकटा, चष्मेवाला माणूस, ज्याला तुझं अर्धं वाक्य पुरायचं. मला तू पूर्ण वाक्य सांगायचीस, मग त्याचा अर्थ, मग अर्थाचा अर्थ. तोवर गॅसवरची डाळ करपायची.

भिसेगावच्या आपल्या घरात जेवताना दर दुसऱ्या घासाला ‘प्रसन्न म्हणाला’ असायचं. आईलासुद्धा त्याचं नाव पाठ झालं होतं. एका लक्ष्मीपूजनाला तू सकाळीच पर्स घेऊन निघालीस, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

“सनाच्या दिशी कुटं गं?”

“पेशींना खाणं घालायचंय आई. आज घातलं नाही तर मरतील त्या.”

“त्यो परसन नाय का घालीत?”

“त्याची पाळी काल होती.”

“म्हंजी गुरावानीच हाय की समदं,” आई म्हणाली, आणि तिने तुझ्या पिशवीत करंज्यांचे दोन डबे ठेवले. एक तुझा, एक त्या परसनचा. मी पायरीवर आकाशकंदील बांधत होतो. मला त्या दिवशी पेशींचाही राग आला.

मी आयटीआय झालेला टर्नर. खालापूरच्या रस्त्याला माझं लेथचं दुकान. तुझ्या कामात माझा काही संबंध येईल असं मला लग्नात वाटलं नव्हतं. पण एक दिवस तू दुकानात आलीस आणि विचारलंस, “दत्ता, ॲक्रिलिकच्या चकत्या करून देशील का? पण जाडी नेमकी लागेल रं.”

“किती नेमकी?”

“तुला जमेल तितकी. मग त्याच्यापेक्षा थोडी जास्त.”

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही काय करता. परदेशात एक मोठं यंत्र आहे, तिथे कार्बनचे कण प्रचंड वेगाने सोडतात. असा कण अंगात शिरला की वाटेत थोडंफार नुकसान करतो आणि जिथे थांबतो तिथे सगळा जोर काढतो. म्हणून त्याला बरोबर कर्करोगाच्या गाठीत थांबवायचं. अलीकडे थांबला तर गाठ सुटली, पलीकडे गेला तर चांगलं मांस जळलं. माणसाला द्यायच्या आधी तुम्ही ते बाटलीतल्या पेशींवर करून बघायचात, आणि कण कुठे थांबायचा ते समोर किती जाडीचं ॲक्रिलिक लावलं त्यावर ठरायचं. म्हणजे तुझा कण कुठे थांबणार ते माझ्या मायक्रोमीटरवर होतं. मी एकेक चकती चारदा मोजली. दुसरं काम घेतलं नाही. तू आणि प्रसन्न त्या घेऊन गेलात, आठवड्याने परत आलात, आणि तू दारातूनच म्हणालीस, “प्रसन्न म्हणाला, चकत्या झकास झाल्यात.”

तुला कशा वाटल्या ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

त्याच सुमारास तू मला आकाशातलं लोखंड सांगितलंस. मी विचारलं होतं की कार्बन दवाखान्यासाठी, मग मंगळावर माणूस पाठवायचं ते काम तुमच्याकडे कशाला.

“वर लोखंडाचे कण पण हिंडतात रं. कार्बनपेक्षा जड.”

“आपल्या दुकानातलं लोखंड?”

“तेच. फक्त एकेक अणू, आणि त्याची बाहेरची सालं निघालेली. लांब जाणाऱ्या माणसाच्या अंगातून ते आरपार जातात. थोडेच, पण जातात. आता मला सांग, पत्र्यावर कानस मारली तर काय होतं?”

“चरे पडतात. पॉलिश केलं की निघतात.”

“ते एक्स-रे. पेशी ते चरे दुरुस्त करते. आणि पंच मारला तर?”

“भोक पडतं.”

“भोकाच्या कडा?”

“पिचतात. तिथं वेल्ड नीट बसत नाय.”

“तेच!” तू टेबलावर हात आपटलास, पानं उडाली. “जड कण गुणसूत्राचं तेच करतो. नुसतं तोडत नाही, कडा पिचवून तोडतो. पेशी जोडायला जाते आणि वेडंवाकडं जोडते.”

तुझा चेहरा तेव्हा असा काही फुलला होता की मला वाटलं, हे मी केलं. आणि लगेच वाटलं, प्रयोगशाळेत हा चेहरा तो माणूस रोज बघत असणार. माझा आनंद पाच मिनिटंही टिकला नाही.

कोंडाण्याचा तो रविवार तुला आठवत असेल. प्रसन्नला लेणी बघायची होती. पाऊस उघडला होता, वाटेत वाडीतल्या एका बाईकडून आपण काकड्या घेतल्या. तुम्ही दोघं भांडत पुढे, मी पिशवी घेऊन मागे. एवढी चढण, पण तुमचा दम भांडणात गेला, चालण्यात नाही. लेण्यात पोचल्यावरही तेच. मी दगडावर बसून काकड्या सोलत होतो.

“जगली ती जगली,” प्रसन्न म्हणत होता. “बशीत ठिपका वाढला म्हणजे त्या पेशीचा वंश वाढला. ठिपके मोजले, विषय संपला.”

“आणि तिच्या नाती-पणतींचं काय? कण लागून आजी जगली, पण पणत्या लंगडतायत. काही मरतायत. मी बघितलंय.”

“ती बाटली खराब असेल.”

“बाटली खराब नाही, प्रसन्न. आपलं मोजणं अर्धं आहे. रुग्णासाठी मेलेल्या पेशी मोजायच्या असतात. मंगळाच्या प्रवाशासाठी जगलेल्या.”

मी मीठ लावून काकडीची फोड पुढे केली. तू माझ्याकडे न बघता, ताटलीतून उचलावी तशी ती माझ्या हातातून उचललीस. त्यानेही. खाली उतरताना मी तुला म्हणालो की तुझ्या प्रसन्नचे बूट चढणीचे नाहीत. तू हसलीस. मला तेवढंच बोलता आलं होतं.

त्या लंगड्या पणत्या तू टाकून दिल्या नाहीस. लहान कुप्यांत भरून गोठवून ठेवल्यास, प्रसन्नने ‘रद्द’ अशी चिठ्ठी लावली तरी. तुमचं ते भांडण कधी मिटलं नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटायचा. आपली भांडणं कसली? एकदाच काय ते मोठं झालं, तू मंगळावर जायचं म्हणालीस तेव्हा. “पन्नाशीच्या पुढचं माणूस पाठवणं बरं. झालेलं नुकसान बाहेर पडायला बरीच वर्षं लागतात, तेवढ्यात ते तसंही म्हातारं होतं. मला नेलं तर मी जाईन.”

“आणि मी?”

“तू दुकान बघशील.”

दोन दिवस मी बोललो नाही. आईमार्फत जेवायला बोलावत होतो. तू मात्र तेव्हा मजेत होतीस.

गेल्या दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला तेव्हा ते बोलायच्या आधी तू पुढे वाकून बघितलंस आणि खुर्चीत मागे टेकलीस. स्वादुपिंडात होतं आणि यकृतात पोचलं होतं. घरी आल्यावर मी म्हणालो, “तुझ्या कार्बनचं काय? तिकडं जाऊ. उद्या निघू.”

“कार्बन एका जागी बसलेल्या गाठीसाठी रं. माझी हिंडायला लागलीय.”

“म्हणजे नाय?”

“म्हणजे नाय.”

माझा विश्वास बसला नाही. मी मागच्या अंगणात गेलो, प्रसन्नला फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला. त्याने तेच उत्तर दिलं, तुझ्याच शब्दांत, हिंडायला लागलीय एवढं सोडून. आणि त्याचं मला खरं वाटलं. बायकोच्या तोंडून ऐकलेलं पटलं नाही आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसलो. त्या दिवसापासून तर मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला.

शेवटच्या महिन्यात तू खिडकीशी खाट लावून घेतलीस. एका दुपारी चहा झाल्यावर म्हणालीस, “प्रसन्नला एकदा बोलव. त्या रद्द कुप्यांचं सांगायचंय.”

“बोलावतो.”

मी बोलावलं नाही. किती दिवस राहिलेत ते आपल्याला दोघांनाही माहीत होतं, आणि त्यातली एक दुपार त्याला द्यायची माझी तयारी नव्हती. तो येणार, खुर्ची ओढून बसणार, तुमची अर्धी वाक्यं सुरू होणार, आणि मी चहा करायला आत जाणार. दोन दिवसांनी तू परत विचारलंस.

“त्याला सुट्टी नाय,” मी म्हणालो.

तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस. तुझा फोन तुझ्या उशाशी होता. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

“बरं,” तू म्हणालीस. “मग वही घे. तू लिही.”

पाच दुपारी आपण लिहीत होतो. तू बोलायचीस, मी जसं बोलशील तसं लिहायचो. मध्ये कळ आली की तू डोळे मिटून थांबायचीस, मी पेन धरून थांबायचो. “कळलं का?” विचारायचीस. मी हो म्हणायचो. “नाय कळलं तुला. परत सांगते,” म्हणायचीस, आणि खरोखर परत सांगायचीस. एकदा मी तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला बघून तू इतकी हसलीस की आई आतून धावत आली. अकरा पानं झाली. सहाव्या दुपारी तू झोपून होतीस. त्यानंतर तीन दिवसांनी गेलीस, सकाळी, आई देवाला फुलं काढत होती तेव्हा.

तेराव्याला प्रसन्न आला. पंगतीत खाली मान घालून जेवला. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

“दत्ताभाऊ, मी शेवटी भेटायला आलो नाही, त्याचा राग धरू नका,” तो म्हणाला. “तिने मला फोन केला होता. म्हणाली, दत्ताने सांगितलंय की तुला सुट्टी नाही. ते तसंच राहू दे. येऊ नकोस.”

मी पंगतीत सांडलेली भाताची शितं वेचायला लागलो.

“मी म्हटलं, पण मला सुट्टी आहे. तर म्हणाली, असू दे. त्याला बसू दे माझ्याजवळ.” मग तो चष्मा काढून रडायला लागला. तो रडला आणि मी कोरडा. विजू, मी खोटं बोललो ते तुला कळलं होतं, ठीक. तू मला माफ केलंस, तेही ठीक. पण त्या माफीतसुद्धा तू त्याला घेतलंस. माझं खोटं तुम्ही दोघांनी मिळून सांभाळलंत, आणि मला तेवढंच माहीत नव्हतं.

तो डोळे पुसून म्हणाला, “तिने काही लिहून ठेवलंय का? त्या रद्द कुप्या टाकायच्या ठरल्यात. गोठवणीत जागा हवीय. त्यातल्या कुठल्या ठेवायच्या ते फक्त तिला माहीत होतं.”

“नाय,” मी म्हणालो. “काय लिहिलेलं नाय.”

वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

त्यानंतर मी ती तीनदा वाचली. मी माझं नाव शोधत होतो. स्वतःला सांभाळ, आईकडे बघ, चुकलंमाकलं असेल तर, असं काहीतरी. एक ओळ नाही. अकरा पानं पेशी, कण, कुप्या, पणत्या. मला तुझा इतका राग आला की वही कुणालाच द्यायची नाही असं मी ठरवून टाकलं. शेवटच्या पाच दुपारी मी तुझा कोण होतो, तर लिहून घेणारा. मग लिहिलेलं तरी माझं असू दे.

परवा आई जेवायला वाढता वाढता थांबली. “तिच्या त्या पेशीनला आता कोन बघतंय रं?”

मी म्हटलं, “हायत लोक.”

“तिच्यावानी बघत्यात का?”

मी ताट बाजूला सरकवलं. हात धुऊन मी प्रसन्नला फोन केला आणि सांगितलं की मी तुमच्याशी खोटं बोललो, वही आहे. तो एवढंच म्हणाला, “उद्या येतो.”

काल तो दुकानात आला. मी लेथ बंद केलं. तो उभ्यानेच वाचायला लागला, मग स्टूलवर बसला. दुसऱ्या पानावर त्याने विचारलं, “हे ‘वेल्ड बसत नाय’ म्हणजे नेमकं काय?” मी रद्दीतला एक पत्रा घेतला, पंच ठोकला आणि त्याच्या हातात दिला. त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट थोडं कापलं. “हे तिने मला कधी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तुमाला सांगायची गरज नव्हती.”

सहाव्या पानावर कुप्यांचे नंबर होते. तिथे तो उठला आणि बाहेर जाऊन प्रयोगशाळेत फोन केला. मला आतून ऐकू येत होतं. “तिसऱ्या कप्प्याला हात लावू नका. एकही नाही. मी सांगतो म्हणून.” मग आत येऊन पुन्हा वाचायला बसला. तुमच्या भांडणाचा निकाल लागला की नाही मला माहीत नाही. तो मधे एकदा मान हलवून म्हणाला, “हे तपासायला हवं होतं. मी ऐकायला हवं होतं.”

शेवटच्या पानानंतर तो परत पहिल्या पानावर गेला. आता तो काहीतरी शोधत होता.

“दत्ताभाऊ, हे ओळीओळीला ‘रं’ काय आहे?”

“ती बोलली तसं लिहिलंय. मला शुद्ध लिहिता येत नाय.”

“नाही, तसं नाही.” तो थांबला. “ती माझ्याशी असं कधी बोलली नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही. ती असं बोलते हेच मला माहीत नव्हतं.”

मी वही त्याच्या हातातून घेतली. ‘हे बघ रं.’ ‘इथं मोजताना घाई नको रं.’ ‘ही कुपी वाटते तशी नाय रं, परत वाच.’ ‘पणती मेली म्हणून आजीला मेलेली धरू नको रं.’ प्रत्येक पानावर. मी तीनदा वाचताना त्यावरून डोळे फिरवत गेलो होतो, आणि माझं नाव शोधत होतो.

“मला सांगायचं असतं तर तिने हे दोन पानांत संपवलं असतं,” प्रसन्न म्हणाला. तो हसायला बघत होता, पण ते त्याला जमलं नाही. त्याने चष्मा पुसला, परत घातला, आणि वहीकडे बघत राहिला. तो चेहरा मी ओळखतो. इतकी वर्षं रोज सकाळी दाढी करताना मी तोच बघितलाय.

तुझ्याशी आता कशाला खोटं बोलू विजू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग थोड्या वेळाने मी माझं स्टूल त्याच्या स्टूलाजवळ ओढलं आणि पहिल्या पानापासून त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, एकही ‘रं’ न गाळता.